माझा सल्लागार मीच

१० मे २०२४, शुक्रवार. आखाजी (अक्षय्य तृतीया).
आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. पुढे लोक विचारतील की लीलाधरभाऊ, हे तुम्हाला जमलं कसं, तेव्हा तारीखवार सांगता यावं म्हणून.

परिस्थिती अशी. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून ३१ मार्चला निवृत्त झालो. घराचं कर्ज फेडून हातात उरले सोळा लाख. धुळ्याच्या देवपुरातल्या या घरावर एक मजला चढवायचा आणि तिथे स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका काढायची, हे ज्योत्स्नाच्या मनात दहा वर्षांपासून आहे. चाळीस खुर्च्या. तिने कागदावर टेबलांसकट नकाशा काढून फ्रिजवर चिकटवलाय. हिलाल मिस्त्रीचा अंदाज सतरा लाख. परवानगी आणि मिस्त्रीच्या हातातलं काम धरून सुरुवात पुढच्या आखाजीला. म्हणजे एक लाख कमी आणि हाताशी एक वर्ष. एवढं तर मी चहा पिता पिता कमवीन.

आखाजीची पुरणपोळी वाढताना ज्योत्स्ना म्हणाली की बत्तीस वर्षं डबा मी केलाय, तेव्हा सोळातले आठ माझे. दिले. मन मोठं आहे माझं.

१२ मे, रविवार.
ज्योत्स्नाच्या आग्रहाखातर सदफकडे जाऊन आलो. सदफ म्हणजे हाशमभाई टेलरची मुलगी. माझ्या ऑफिसच्या सफारी पंचवीस वर्षं हाशमभाईंनीच शिवल्या. ही पोरगी तेव्हा काउंटरमागे बसून बटणांचे ढीग लावायची. आता गुंतवणूक सल्लागार झालीये. दुकानावरच्या खोलीत ऑफिस, भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट. कमिशन घेत नाही म्हणे. वर्षाची फी दहा हजार.

तिने एकच प्रश्न विचारला, काका, पैसे लागणार कधी? म्हटलं, वर्षाने. मग म्हणाली की वर्षात लागणाऱ्या पैशाचं शेअर बाजारात काही काम नाही, दोघांचेही एफडीत ठेवा, पुढच्या आखाजीला सतरा होतील. संपलं. सगळं मिळून वीस मिनिटं. मिनिटाला पाचशे रुपये पडले. हे तर मला आमच्या ऑफिसचा शिपाईही सांगेल.

ज्योत्स्नाने तिथल्या तिथे स्वतःचे आठ लाख सदफच्या सल्ल्यावर सोडले आणि फीही भरली. रिक्षात मला समजावत होती. तिच्या माहेरी आखाजीला सालदार ठरतो. वर्षभर शेतात राबायचं, वर्षाचे ठरलेले पैसे. त्याला कपाशी लावा नाहीतर ज्वारी, त्याचा दाम तोच, म्हणून तो खरं बोलतो. बियाणं विकणारा दुकानदार मात्र त्याचंच बियाणं चांगलं म्हणणार. सदफ सालदार आहे, दुकानदार नाही. मी विचारलं, मग मी कोण? म्हणाली, बांधावर न जाणारा मालक.

माझे आठ लाख मी स्वतः बघणार. निर्णय अंतिम.

१४ मे, मंगळवार.
डीमॅट खातं उघडलं. बन्सीलालने मदत केली. बन्सीलाल आमच्याच खात्यात अकाउंट्सला होता, माझ्या आधी सहा महिने निवृत्त झाला, तेव्हापासून शेअरमध्ये. दत्त मंदिर चौकात निंबाआप्पाच्या चहाच्या टपरीवर बसून फॉर्म भरला. माझ्या मोबाइलची रेंज आज टपरीवर येत नव्हती आणि ओटीपी तर लगेच हवा, म्हणून ज्योत्स्नाचा नंबर टाकला. तिने बन्सीलालच्या फोनवर ओटीपी वाचून दाखवला. काम झाल्याशी मतलब.

संकल्प: पाचला उठणे. रोज एका कंपनीचा अहवाल वाचणे. टीव्हीवरच्या कुणाचंही न ऐकणे.

१५ मे, बुधवार.
साडेआठला उठलो. निवृत्तीनंतर शरीराला सवय व्हायला वेळ द्यावा लागतो.

२० मे, सोमवार.
मतदान केलं. बाजार बंद. दिवसभर फायली तयार केल्या.

लोक शेअर बाजारात बुडतात याचं कारण एकच: रेकॉर्ड नसतं. मी प्रत्येक कंपनीची स्वतंत्र फाइल उघडली आहे. आत टिपणी. ‘विषय: पाईपवाल्या कंपनीचे ४०० शेअर खरेदी करण्याबाबत.’ खाली प्रस्ताव सादर करणारा म्हणून माझी सही. मग मीच वरिष्ठ म्हणून फाइल तपासायची, त्रुटी काढायच्या, खुलासा मागवायचा. खुलासा मी द्यायचा. समाधान झालं की ‘मान्य’.

कंपन्यांची खरी नावं इथे लिहीत नाही. रोजनिशी कुणाच्या हाती लागली तर धुळ्यात गर्दी उसळेल. पाईपवाली, सौरवाली, रंगवाली, खतवाली, एवढं मला पुरे.

२८ मे, मंगळवार.
पाईपवालीची फाइल मंजूर. प्रस्ताव केला तेव्हा शेअर २१२ ला होता. त्रुटींचा खुलासा होऊन मंजुरी मिळेपर्यंत २४६ झाला. दर बदलल्यामुळे सुधारित प्रस्तावासाठी फाइल परत पाठवली.

ज्योत्स्नाने विचारलं किती घेतले. कार्यवाही सुरू आहे असं कळवलं.

३ जून, सोमवार. दुपारी.
बाजार रॉकेट. उद्या निकाल, पण एक्झिट पोलचे अंदाज परवाच आलेत आणि सगळेच खरेदी करताहेत. बन्सीलालने सकाळी सव्वानऊला फोन केला की आज नाही घेतलं तर कधीच नाही. अपवादात्मक परिस्थितीत फायलीची अट शिथिल केली. टपरीवर बसून चाळीस मिनिटांत पाच लाखांचे शेअर घेतले. निंबाआप्पा मध्येच म्हणाला, भाऊ, बठ्ठा पैसा एकच दिन लावू नको. पैसा सगळा माझा. त्याला चहाचे पैसे दिले.

४ जून, मंगळवार. दुपारी साडेबारा.
विकले.

४ जून. संध्याकाळ.
बासष्ट हजार गेले. सगळेच विकत होते, मी एकटा काय करणार. निर्णय मात्र झटपट घेतला, याची नोंद व्हावी.

७ जून, शुक्रवार.
बाजार होता तिथे परत आला. पाचही कंपन्या मी घेतल्या होत्या त्या भावाच्या वर.

यावरून शिकण्यासारखं: दोष माझा नाही, बाजाराचा नाही, मतमोजणीचा आहे. ती पाच वर्षांतून एकदाच असते, म्हणजे पाच वर्षं आता काळजी नाही.

१४ जुलै, रविवार.
आज सापडलं. इतके दिवस डोळ्यासमोर होतं.

माझं मूळ गाव रावेरच्या बाजूला. आमची केळीची शेती, थोरले बंधू जीवरामदादा बघतात. लहानपणापासून एकच शिकलो: घड तयार झाला की त्याच दिवशी कापायचा, एक दिवस उशीर झाला की माल वाया. कच्चा घड मात्र झाडावरच राहू द्यायचा. शेअरचंही तेच. जो वाढला तो पिकला, लगेच काढायचा. जो पडला तो कच्चा, हात लावायचा नाही, थांबायचं.

इतकं सोपं आणि कुठल्याही पुस्तकात नाही. फायली बंद केल्या. बन्सीलालला सिद्धांत सांगितला. स्टॉप लॉस लाव एवढं म्हणाला. स्टॉप लॉस म्हणजे शेअर ठरावीक भावाखाली गेला की आपोआप विकला जातो. म्हणजे कच्चा घड आपोआप कापायचा. त्याला म्हटलं, तू अकाउंट्सचा माणूस, तुला शेती कळत नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार.
रंगवाली आठ टक्के वाढली. काढली. सात हजार फायदा. पाईपवाली पुन्हा घेतली होती, तीही सहा टक्क्यांवर काढली. खतवाली आणि सौरवाली खाली आहेत. कच्च्या आहेत. राहू दे.

ज्योत्स्नाला सात हजाराचं सांगितलं. चांगलं झालं म्हणाली आणि मेथी निवडत बसली. तिच्या एफडीत काय हालचाल विचारलं. एफडीत हालचाल नसते म्हणाली. तेच तर माझं म्हणणं आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार.
आठ लाख चौसष्ट हजार!

जूनचा खड्डा भरून वर चौसष्ट हजार. सदफची एफडी आत्ता कुठे पंचवीस हजारांच्या आसपास असेल, त्यातून दहा हजार फी वजा. पोरगी हुशार आहे, पण कापड मापून कापण्याची घरची सवय.

रंगवाली मी काढल्यापासून आणखी चाळीस टक्के वाढली, हे खरं आहे. पण पिकलेल्या केळाचं पुढे काय झालं याचा विचार शेतकरी करत नाही.

याच गतीने आखाजीला माझ्या एकट्याचेच अकरा लाख होतात. चाळीस खुर्च्यांवर अडायचं कशाला? साठ. शिवाय एसी. फ्रिजवरच्या नकाशावर पेन्सिलीने वीस खुर्च्या वाढवल्या. ज्योत्स्नाने त्या खोडून ठेवल्या आहेत. सरप्राइज द्यावं म्हणतो.

२९ सप्टेंबर, रविवार.
एसटीने जळगावला जाऊन आलो. एमआयडीसीत खुर्च्यांचा कारखाना आहे. गादीची, मजबूत, साडेआठशेला एक. साठची ऑर्डर दिली. पंधरा हजार अॅडव्हान्स. मॅनेजर म्हणाला जानेवारीत माल मिळेल. मी म्हटलं आरामात द्या, अजून मजला बांधायचाय. तो हसला. मीही हसलो.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा.
थोडी घसरण. निरोगी आहे असं टीव्हीवर सांगत होते.

२८ ऑक्टोबर, सोमवार.
निरोगी घसरण सुरूच. सात लाख एक हजार. टपरीवर पोचायच्या आतच निंबाआप्पा सांगतो, भाऊ, आज बठ्ठं लाल शे. याला शेअर बाजारातलं काही कळत नाही, नातवाने मोबाइलवर लाल-हिरवं बघायला शिकवलंय तेवढंच.

माझ्याकडे आता अकरा कंपन्या. अकराही कच्च्या. पिकलेल्या सगळ्या काढून झाल्या. याचा अर्थ पीक अजून यायचं आहे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन.
संध्याकाळी सहा ते सात मुहूर्ताचा बाजार. लक्ष्मीसमोर मोबाइल ठेवून सौरवाली आणखी पन्नास हजारांची घेतली. स्वस्त झालीये. ज्योत्स्ना पूजेचं ताट घेऊन मागे उभी होती. काय चाललंय विचारलं तिने. म्हटलं, शकुन. तिचा फोन कपाटावर वाजला, तिने वाचला आणि ताट खाली ठेवलं. तेल जास्त झालं समईत, म्हणाली.

२२ डिसेंबर, रविवार.
जीवरामदादाच्या मळ्यात भरीत पार्टी. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, वर कच्चं तेल. तीस माणसं. जेवण झाल्यावर दादाला माझा केळीचा सिद्धांत सांगितला. अभिमान वाटेल असं वाटलं होतं.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं की त्या अकरामध्ये रोगट किती आहेत. म्हटलं, कच्च्या आहेत, रोगट कशा असतील. दादा म्हणाला की कच्चं झाड आणि रोगट झाड लांबून सारखंच दिसतं. म्हणून जवळ जाऊन पान बघावं लागतं. रोग दिसला की त्याच दिवशी खोडासकट उपटून बांधाबाहेर, नाहीतर ओळच्या ओळ जाते. घड येईल म्हणून रोगट झाडाला पाणी घालत बसणारा शेतकरी त्याने पाहिलेला नाही.

दादाला शेअर बाजार कळत नाही. भरीत उत्तम होतं. तीन वेळा घेतलं.

२३ डिसेंबर, सोमवार.
पोट बिघडलं. सहा लाख वीस हजार.

१८ जानेवारी २०२५, शनिवार.
खुर्च्या आल्या.

सकाळी दहाला टेम्पो दारात. ड्रायव्हर म्हणाला उतरवून घ्या, मला परत जायचंय. उरलेले छत्तीस हजार द्यायला खतवालीचे थोडे शेअर बुधवारीच विकावे लागले होते. कच्चे असताना. हॉलमध्ये दहा-दहाच्या चळती लावल्या. सहा चळती. टीव्ही दिसत नाही. देवघराकडे जायचं तर आडवं होऊन जावं लागतं.

ज्योत्स्नाने एक खुर्ची काढली, बसली, मागे रेलून बघितलं. खुर्ची चांगली आहे म्हणाली. साठ का, विचारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. तिने विचारलं नाही. मला ते बरं वाटायला हवं होतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
शांत डोक्याने विचार केला. झालेला तोटा हळूहळू भरून यायला वेळ नाही, आखाजी तीन महिन्यांवर आहे. झटपट मार्ग एकच, ऑप्शन. कमी पैशात मोठा डाव, गुरुवारी निकाल. दहातले नऊ जण त्यात पैसे घालवतात असं पेपरात आलंय. म्हणजे दहावा कुणीतरी असतोच. टपरीवर बन्सीलालला म्हटलं, आपण दोघं आहोत, तेवढीच अडचण. तो म्हणाला तो हल्ली फक्त बघतो.

पहिल्याच दिवशी चार हजार फायदा. संध्याकाळी जिलेबी नेली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
अडतीस हजार गेले. सरासरी काढली तर जिलेबीचा दिवस चांगलाच होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
आणखी एकावन्न. ऑप्शन कायमचं बंद. शपथ घेतली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.
शपथ कायमची नाही, आठवड्याची होती असं धरलं. सव्वीस गेले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.
चार लाख अठरा हजार. आठाचे.

आज हिलाल मिस्त्री आला होता, सळईचे भाव वाढताहेत, थोडी उचल देऊन ठेवा म्हणत. ज्योत्स्ना माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, मार्चएंड होऊ द्या. पैसा अडकलेला आहे, गेलेला नाही. मिस्त्री चहा पिऊन गेला. बसायला खुर्च्या भरपूर होत्या.

रात्री झोप लागली नाही. गॅसमुळे असेल.

३१ मार्च, सोमवार. ईद.
हाशमभाईंकडे शीरखुर्मा. गेली पंचवीस वर्षं जातो. ज्योत्स्ना आत बायकांमध्ये गेली. सदफ बाहेर वाट्या आणून देत होती. सहज विषय निघाला म्हणून तिला म्हटलं की माझा एक मित्र आहे, निवृत्त, त्याने स्वतःच्या बुद्धीने गुंतवणूक केली आणि सध्या थोडा अडचणीत आहे. त्याने काय करावं?

सदफने विचारलं, किती थोडा? म्हटलं, निम्मे. तिने वाटी खाली ठेवली. म्हणाली, काका, शेअरचं नंतर बघता येईल. तुमच्या मित्राने आधी घरी बायकोला सांगावं. म्हटलं, तो सांगणारच आहे, योग्य वेळ बघतोय. ती म्हणाली, योग्य वेळ मेमध्ये होती. आणि पुन्हा शीरखुर्मा आणायला गेली.

बन्सीलालही तिथे होता. सोफ्यावर, आरामात. निघताना सदफ त्याला म्हणाली की काका, पुढच्या सोमवारी पेपर घेऊन या. बाहेर आल्यावर त्याला धरलं. नोव्हेंबरपासून तिचा क्लायंट आहे. नोव्हेंबरपासून. आणि मला टिपा देत होता. म्हणाला, तुला ऐकायला आवडतात म्हणून.

७ एप्रिल, सोमवार. सकाळी साडेनऊ.
उघडल्या उघडल्या कोसळला. अमेरिकेने काहीतरी केलंय. बघवत नाही. तीन लाख बेचाळीस.

७ एप्रिल. दुपार.
ज्योत्स्नाला सांगितलं.

ती हॉलमध्ये खुर्च्यांवरची धूळ पुसत होती. मी दोन चळतींच्या मधे उभा राहिलो आणि सांगितलं. आधी पाच लाख म्हणणार होतो. मग तीन बेचाळीसच म्हटलं.

ती म्हणाली, माहीत आहे.

खातं उघडताना नंबर तिचा टाकला होता. रोज संध्याकाळी काय घेतलं, काय विकलं, सगळ्याचे मेसेज तिच्या फोनवर जायचे. चार जूनचे गेले. ऑप्शनचेही गेले. लक्ष्मीपूजनाचाही गेला, ताट हातात असताना. एकूण दोनशे अकरा मेसेज. तिने एकही पुसलेला नाही.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली की ऑक्टोबरात बोलले असते तर तुम्ही विकले असते, आणि पुढे कधी ते वाढले असते तर जन्मभर मला ऐकवलं असतं. मग म्हणाली की ते एक कारण. दुसरं असं की तुम्ही आपणहून कधी सांगता, त्याची वाट बघत होते. रोज चहा देताना वाटायचं, आज सांगतील.

मला लाज वाटली. हे इथे लिहून ठेवतो. पैशाची नाही तेवढी चहाची वाटली. सात महिने ती समोर कप ठेवून दोन मिनिटं बसायची, मला वाटायचं दमली असेल.

नंतर तिने फ्रिजवरचा नकाशा काढला. चुरगळला वगैरे नाही. घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवला.

१२ एप्रिल, शनिवार.
सदफचं ऑफिस. तिघं बसलो. माझं मोबाइलवरचं सगळं तिने कागदावर उतरवून घेतलं. अकरापैकी चार कंपन्या ठेवण्यासारख्या, सात तिने लाल पेनने गोल केल्या. मी म्हटलं, थोडं थांबलो तर? सदफ ज्योत्स्नाकडे बघायला लागली. ज्योत्स्ना म्हणाली, विका.

ज्योत्स्नाचे आठ लाख सत्तावन्न हजार येतात. रुपया इकडचा तिकडे नाही. माझेही तिथे ठेवले असते तर आज हिलाल मिस्त्रीची माणसं गच्चीवर असती. हे कुणी बोललं नाही. मी मात्र बोटांवर मोजलं.

माझं सुचवणं होतं की कमी पडतात तेवढ्याचं कर्ज काढून मजला चढवावा. पेन्शन आहे, बँक देईल. ज्योत्स्ना म्हणाली की एक कर्ज फिटून वर्ष झालं नाही. तिने ठरवलंय ते वेगळंच. मजला नाही. अभ्यासिका खालीच, आपल्या हॉलमध्ये आणि पुढच्या खोलीत. पार्टिशन, टेबलं, दिवे, पंखे, इन्व्हर्टर, दोन लाखांत बसतं. चोवीस खुर्च्या मावतात. उरलेल्या छत्तीस मंडपवाल्याला भाड्याने. आपण दोघं मागच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात राहायचं.

मी विचारलं, टीव्ही? म्हणाली, विकला तर बारा हजार येतील. पिकलाय तो.

तिने हे मुद्दाम म्हटलं. सदफ खाली बघून कागद लावत होती.

२४ एप्रिल, गुरुवार.
हॉल रिकामा. पार्टिशन आलं. वीस मुलांची नावं आताच नोंदली गेली, बारा मुली. साक्री, शिंदखेडा, एक तर थेट एरंडोलहून. महिना सहाशे. ज्योत्स्ना रजिस्टर स्वतः लिहिते. मी म्हटलं, रजिस्टरचा मला बत्तीस वर्षांचा अनुभव आहे. म्हणाली, असू दे.

रंगवाली आज पुन्हा वर. बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण अॅप उघडून नाही, निंबाआप्पाच्या नातवाच्या मोबाइलवर.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी.
अभ्यासिका सुरू झाली. नारळ हाशमभाईंच्या हातून. जीवरामदादा केळीचे दोन घड घेऊन आला, प्रत्येक मुलाला तीन-तीन केळी. हिलाल मिस्त्रीही आला, पार्टिशन ठोकून बघितलं.

दुपारी दोनपासून मुलं वाचताहेत. चोवीस खुर्च्या भरल्या. घरात आवाज करायचा नाही. मला शिंक आली तेव्हा ज्योत्स्नाने स्वयंपाकघराच्या दारातून बोट ओठांवर ठेवलं. तिचा चेहरा असा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. चाळीस झाल्या असत्या तर आणखी कसा दिसला असता, हे मनात आलं आणि मी तांदूळ निवडायला घेतले.

संध्याकाळी सदफ आली. नवीन वर्षाचा करार. यंदा दोघांचे पैसे एकत्र, फी तीच. मी तिला सांगितलं की दहा हजार रास्त आहेत, मी पहिल्यापासून म्हणत होतो. तिने मान डोलावली.

करारावर सही करण्याआधी मी वाचून घेतला. सवय आहे. चार पानं. पैशांचे निर्णय कोण घेणार: सौ. ज्योत्स्ना. सल्लागाराने संपर्क कुणाशी करायचा: सौ. ज्योत्स्ना. व्यवहाराचे मेसेज कुणाला: सौ. ज्योत्स्ना. माझं नाव कुठे सापडेना. शेवटच्या पानावर, सह्यांच्याही खाली, बारीक अक्षरात मिळालं.

‘प्रत: श्री. लीलाधर यांना माहितीस्तव.’

अशा प्रती मी बत्तीस वर्षं हजारोंनी काढल्या. माहितीस्तव प्रत ज्याला जाते त्याने तिचं काय करायचं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. काही नाही. दाखल करून ठेवायची.

सही केली. प्रत दाखल करून ठेवली.